महिनाभराचा एक शब्द

अक्का कामाला बसल्या की आधी उजव्या पायातली चप्पल काढायच्या. फक्त उजव्या. टेबलाखाली एक काळं पेडल असायचं. ते पुढून दाबलं की हेडफोनमध्ये डॉक्टरचा आवाज सुरू व्हायचा, पाय उचलला की थांबायचा आणि टाचेनं दाबलं की थोडा मागे जायचा. आम्ही मुली सँडल घालूनच पेडल मारायचो. अक्कांना ते बघवायचं नाही. "चपलेतनं काय कळतंय ग? डॉक्टर कुठं अडखळला ते तळव्याला समजलं पाहिजे की." काढलेली चप्पल अक्का वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाच्या खालच्या खणात ठेवायच्या, कारण एकदा झाडणाऱ्या बाईंना ती एकटीच सापडली आणि त्यांनी ती कचऱ्यात टाकली. त्या दिवशी अक्का एका पायात चप्पल घालून, डोळे वर न करता, बसस्टॉपपर्यंत चालत गेल्या होत्या.

आमचं ऑफिस जयनगरमध्ये एका मिठाईच्या दुकानावर होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून झालं की आपला अहवाल तोंडानं सांगून ठेवायचे आणि तो ऐकून टाइप करणं हे आमचं काम. त्यांचा दिवस संपला की आमची सकाळ सुरू व्हायची. मी निपाणीची. वडील पिठाच्या गिरणीत आणि आई तंबाखूच्या वखारीत. मराठी शाळेत शिकून बी.एस्सी. झाले. घरातली पहिली पदवी माझी. बेंगळुरूला आल्यावर इंदिरानगरच्या दोन कंपन्यांनी "कळवतो" म्हणून परत पाठवलं होतं. इथे मात्र अक्कांनी माझी परीक्षा घेतली. त्यांनी एक उतारा ऐकवला आणि मी तो लिहून दाखवला. त्यात तीन ठिकाणी मला काही कळलं नव्हतं, तिथे मी रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती. बाकीच्या मुलींनी काही ना काही भरलं होतं. अक्कांनी माझा कागद वर धरला आणि आमच्या मॅनेजर सरांना म्हणाल्या, "ही पोरगी पाहिजे. हिला येत नाही, आणि येत नाही हे हिला येतंय."

त्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. अंगानं काटक, सुती साडी, केसात कनकांबराची, म्हणजे आपल्या अबोलीची, चार फुलं. चार-पाच पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी माझ्या कानाला आधी परकं वाटलं आणि मग निपाणीपेक्षाही जवळचं वाटू लागलं. "स्वल्प सरक ग", "सरी, उद्या बघू", "अय्यो, हे काय लिहिलीस?" 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं, दोन्ही कन्नडमधनं आलेले. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. संगणक येण्याआधी त्या एका सर्जनच्या खाजगी नर्सिंग होममध्ये टाइपरायटरवर अहवाल लिहायच्या. आमच्याकडे त्या मुख्य तपासनीस होत्या. नव्या मुलींची प्रत्येक फाइल त्यांनी पुन्हा ऐकल्याशिवाय बाहेर जात नसे.

अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटी त्या तंजावरला बहिणीकडे होत्या. मला ते दीड महिन्यानंतर कळलं.

त्यांची एक रीत होती, जी मी पुढे कुठल्याही ऑफिसात पाहिली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या प्रत्येक नव्या मुलीला एक इंग्रजी शब्द द्यायच्या. वर्तमानपत्राची कोरी कड फाडून त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला. महिनाभर तो शब्द आपल्याकडे. रोजच्या अहवालांतून त्याची पन्नास वाक्यं जमवायची आणि प्रत्येक वाक्य आपल्या घरच्या भाषेत, आपल्या घरचं माणूस म्हणेल तसं सांगायचं. डिक्शनरी उघडायला बंदी. "डिक्शनरीत शब्द निजलेला असतो," त्या म्हणायच्या. "मला उठून कामाला लागलेला बघायचाय."

मला मिळाला टॉलरेट.

मी लगेच हात वर केला. शाळेत पाठ केलं होतं: टॉलरेट म्हणजे सहन करणे.

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग हे सांग. पेशंट इज टॉलरेटिंग क्लिअर लिक्विड्स. म्हणजे काय? पेशंट पाणी सहन करतोय? पाणी काय त्याची सासू आहे?"

मुली खिदळल्या. माझे कान लाल झाले.

"हसू नका ग. हिच्याकडं उत्तर आहे. तुझ्या घरी कुणी आजारी पडलं होतं? आई काय म्हणाली होती?"

मला आठवलं, धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा आई डॉक्टरांना म्हणाली होती, "कालपास्नं पेज पोटात ठरायलीय."

अक्कांनी टेबलावर थाप मारली. "ठरायलीय! लिही. वाक्य पहिलं."

तो महिना मी विसरणार नाही. अहवालात टॉलरेट दिसला की मी थांबायची आणि आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी तोंडी तो घालून बघायची. साखरेचं पाणी पाजून रक्त तपासतात त्या ग्लुकोज टॉलरन्समध्ये 'जिरणं' सापडलं. साखर जिरते की नाही, एवढंच तर ते बघत असतात. एक्सरसाइज टॉलरन्स म्हणजे किती जिने झेपतात. ते पटावं म्हणून अक्कांनी मला भर दुपारी ऑफिसचा जिना चार वेळा चढायला लावला आणि वर उभं राहून विचारलं, "आता बोल, झेपलं का सोसलं?" मी म्हटलं, "अक्का, झेपलं. पाचव्यांदा असतं तर सोसलं असतं." त्या एवढ्या खूश झाल्या की खालून मैसूरपाक मागवला.

हाड मोडलेल्या पेशंटबद्दल डॉक्टर म्हणतात, वेट-बेअरिंग अ‍ॅज टॉलरेटेड. पायावर सोसवेल तेवढाच भार. हे वाक्य घेऊन अक्का ऑटोवाल्यापर्यंत गेल्या. संध्याकाळी मला बरोबर घेऊन ऑटोत बसल्या आणि त्याला कन्नडमध्ये विचारलं, "तुझा पाय मोडला आणि डॉक्टरनं सांगितलं की जमेल तेवढाच टेक, तर बायकोला घरी काय सांगशील?" तो आरशातून आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आदष्टु." होईल तितकं. "बघ," अक्का मला म्हणाल्या, "डॉक्टरला केवढं लांब बोलावं लागतंय, आणि ह्याचं एका शब्दात झालं." उतरताना त्यांनी ऑटोवाल्याचे आभार असे काही मानले की तो घाबरून सुटे पैसे न घेताच निघाला.

एकदा अक्कांनी डब्यात अवरेकाळूची उसळ आणली. हिवाळ्यात बेंगळुरूत घराघरात पावट्यासारख्या ह्या शेंगांचे दाणे शिजतात. "खा, खा," करत त्यांनी मला तीनदा वाढली. दुसऱ्या दिवशी मी पोट धरून कामावर आले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला.

"अवरेकाळू मानवलं नाही?"

"नाही मानवलं, अक्का."

"डिड नॉट टॉलरेट. एकविसावं वाक्य. बस, ओव्याचं पाणी आणते."

पण ह्या शब्दाची एक बाजू मी त्यांना सांगितली, त्यांनी मला नाही. तेच औषध रोज घेतलं की काही दिवसांनी त्याच मात्रेनं गुण येत नाही, मात्रा वाढवावी लागते, त्यालाही टॉलरन्सच म्हणतात. मी म्हटलं, आई पहिल्या दिवशी वखारीत गेली तेव्हा तंबाखूच्या धुळीनं तिला ठसक्यावर ठसके आले होते. डोळे सुजले. वर्षभरानं ती त्याच धुळीत बसून भाकरी खायची आणि ठसका लागायचा नाही. वखारीतल्या बायका म्हणायच्या, अंगवळणी पडलं. पण त्यानंतर दहा वर्षांनी रात्रंदिवस खोकला सुरू झाला. पहिल्या पगारानंतर मी आईला वखार सोडायला लावली होती. ती सोडत नव्हती. मी म्हटलं होतं, "आता माझी नोकरी आहे." तेवढ्या एका वाक्यावर तिनं घरी बसायचं कबूल केलं.

अक्कांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाल्या, "अंगवळणी पडलं म्हणजे बरं झालं असं नव्हे, असं म्हणतीस." त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडचं वाक्य कुणी लिहून घेण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

आणि शेवटचं, पन्नासावं वाक्य. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर शरीरानं ते स्वीकारावं, त्यावर हल्ला करू नये, त्यालाही टॉलरन्स म्हणतात. मी लिहून आणलं: शरीर परक्याला आपलं म्हणतं.

अक्कांनी ते खोडलं. "आपलं नाही ग म्हणत. फक्त मारायला उठत नाही. तेवढं पुष्कळ आहे." मग खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "ह्या गावानं आमच्या पणज्याला असंच ठेवून घेतलं. आपलं म्हणायला पुढं तीन पिढ्या लागल्या. तू घाई करू नकोस."

मी तेव्हा एका खोलीत चौघींबरोबर राहत होते आणि रोज रात्री निपाणीची गाडी कितीला सुटते ते मनात म्हणत झोपायची. हे त्यांना कसं कळलं, माहीत नाही.

ज्या डॉक्टरांना आम्ही कधी पाहणार नव्हतो, त्यांना अक्कांनी आवाजावरून नावं दिली होती. भरभर तडतडणारा तो मोहरी डॉक्टर. वाक्य संपताना हमखास आवाज फुलून वर येणारा तो पापड. आणि एक वयस्क, पातळ, खालच्या आवाजात बोलणारे होते, त्यांचं नाव ताक. अहवालात पेशंट दगावला असं आलं की अक्का पेडलवरून पाय उचलायच्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवून क्षणभर बसायच्या आणि मग पुढे जायच्या. कुणाला काही सांगायच्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही, पण हळूहळू आम्हीसुद्धा तसंच करू लागलो.

कामाचा त्यांचा मोठा नियम एकच. ऐकू आलं ते लिहा, नाही आलं तर जागा मोकळी सोडा. डॉक्टर ती नंतर भरतात. "अंदाज करणारीच्या हाताखाली माणूस मरतंय," त्या म्हणायच्या.

दुसरा नियम छोटा होता आणि तो आम्हाला जाचक वाटायचा. शस्त्रक्रियेच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: द पेशंट टॉलरेटेड द प्रोसीजर वेल. पेशंटनं सगळं नीट सोसलं. दिवसात वीस-तीस वेळा. अशा वाक्यांसाठी संगणकात दोन अक्षरांची खूण करून ठेवता येते. ती दोन अक्षरं मारली की पूर्ण वाक्य आपोआप उमटतं. बाकी सगळ्या खुणांना अक्कांची परवानगी होती, ह्या वाक्याला नव्हती. "हे वाक्य डॉक्टरसुद्धा सवयीनं बोलतो. निदान आपण तरी हातानं लिहायचं. एक एक अक्षर."

पाचव्या महिन्यात मी त्याची खूण करून ठेवली. चोरून. काम वाढलं होतं, सहाव्या महिन्याच्या शेवटी मुली कायम होणार होत्या आणि पानांची संख्या बघितली जाणार होती. मला आईचा विचार यायचा. माझी नोकरी गेली तर ती दुसऱ्याच दिवशी वखारीत जाऊन बसेल, ह्याबद्दल मला जराही शंका नव्हती.

त्याच दिवसांत अक्कांच्या फाइलींमधल्या मोकळ्या, ठिपके मारून सोडलेल्या जागा वाढल्या होत्या. आम्हाला वाटलं, वयाबरोबर काटेकोरपणा वाढतोय. "अक्कांचं पान म्हणजे रांगोळी," एक मुलगी म्हणाली, "ठिपकेच जास्त." त्यांच्या हेडफोनमधला आवाज शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू यायला लागला होता. बोलताना त्या आमच्या तोंडाकडे बघायच्या. मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत. हे सगळं मी पाहिलं होतं आणि त्याचा काहीच अर्थ लावला नव्हता.

ती फाइल ताक डॉक्टरांची होती. फुप्फुसात दुर्बीण घालून केलेली तपासणी. सगळा वृत्तान्त सांगून झाला आणि शेवटी ते थांबले. नुसता श्वास ऐकू येत होता. आता पुढे काय येणार हे मला माहीत होतं. ते बोलायच्या आधीच मी खुणेची दोन अक्षरं मारली, वाक्य उमटलं, आणि ते बोलत असताना मी पुढचा मथळा लिहायला लागले होते. माझ्या लेखी ते वाक्य होऊन गेलं होतं.

ते म्हणाले होते की पेशंटला ते सोसलं नाही, प्राणवायू एकदम खाली गेला, दुर्बीण अर्ध्यातूनच काढावी लागली.

फाइल अक्कांकडे गेली आणि अक्कांकडून बाहेर गेली. आठवड्याभरानं पत्र आलं. आमचा अहवाल वाचून तिकडे त्याच पेशंटची तीच तपासणी पुन्हा ठरवली होती. एका नर्सला आधीची हकिगत आठवत होती म्हणून ती तपासणी थांबली. पेशंट वाचला. अशा चुकीला आमच्याकडे माफी नव्हती.

मॅनेजर सर मैसूरकडचे, मऊ बोलणारे. त्यांनी अक्कांना आणि मला आत बोलावलं. ते अक्कांशी कन्नडमध्ये बोलत होते. निपाणीतली असल्यानं मला तेवढं समजत होतं.

"घाई असली की मुली कधी कधी फाइल तुम्हाला न दाखवता थेट पाठवतात," ते अक्कांना म्हणाले. "ही तशीच गेली असेल. तसं असेल तर तुमचा काही संबंध नाही. ही उमेदवार आहे, हिला जावं लागेल, एवढंच. पण तुम्ही ती ऐकून पुढे पाठवली असेल, तर मग मला वर कळवावं लागेल." त्यांनी पेन हातात घेतलं. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन, अक्का."

फाइल मी थेट पाठवलेली नव्हती, ती त्यांच्याकडे रीतसर गेली होती. पण हे मी म्हटलं असतं तर अक्का अडकणार होत्या आणि गप्प बसले तर मी जाणार होते. मला वाटत होतं की मी दोन्ही बाजूंचा विचार करते आहे. खरं म्हणजे मी फक्त आईचा विचार करत होते आणि गप्प होते.

अक्का म्हणाल्या, "लावा बघू ती फाइल."

सरांनी लॅपटॉपवर लावली. शेवटची दोन मिनिटं. अक्कांनी डोळे मिटले, हात कानामागे धरला. ताक डॉक्टर बोलले, थांबले, पुन्हा बोलले. "परत," अक्का म्हणाल्या. सरांनी आवाज वाढवला. मला आता एक एक शब्द लख्ख ऐकू येत होता. खाली मिठाईच्या दुकानातल्या माणसालाही ऐकू गेला असेल.

अक्कांनी डोळे उघडले. "ते थांबले, तिथपर्यंत मला ऐकू येतंय. त्यानंतर काही नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं." मग माझ्याकडे न बघता सरांना म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर जागा सोडायची, हे मी ह्या पोरींना सांगत आले. आणि वाक्य समोर लिहिलेलं दिसलं म्हणून मी समजले की ऐकलं. हे मी तपासलंय. माझ्या नावावर लिहा."

सर काही तरी बोलायला गेले, तपासणी करून घेऊ, यंत्र बसवून घेऊ. अक्कांनी हात वर केला. "कान तपासायला मी जाईनच की. पण ह्या खुर्चीत बसून नको."

मला ताकीद मिळाली. एवढ्या खालच्या आवाजात बोलणाऱ्या डॉक्टरचं नव्या मुलीला ऐकू आलं नसणार, असं सगळ्यांनी धरलं. खूण केलीस का, असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. महिनाअखेर अक्कांनी नोकरी सोडली. त्यांना निरोप द्यायला मुलींनी केक आणला होता. मी त्या दिवशी ताप आला म्हणून खोलीवर झोपून राहिले. ताप नव्हता.

मी कायम झाले. आई वखारीत परत गेली नाही. मग ते ऑफिसही बंद झालं, मिठाईचं दुकान वरच्या मजल्यापर्यंत वाढलं, आणि मी हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात लागले. तिथे डॉक्टर बोलतात ते आता यंत्र ऐकतं आणि लिहितं, मी ते तपासते. यंत्र चांगलं आहे. कधी अडत नाही. माझ्या हाताखाली चार मुली आहेत, हुशार, नागपूर-पुण्याकडच्या. एकदा एक तारखेला मी त्यांना एकेक शब्द दिला. दुसऱ्या दिवशी चौघींनी फोनवर शोधून प्रत्येकी पन्नास वाक्यं आणून दिली, छान टाइप करून. त्यांची काही चूक नव्हती. तेव्हापासून मी तो नाद सोडला. पण एखादी मुलगी आजारपणाची रजा मागताना म्हणाली की "मॅम, इथलं पाणी मानवलं नाही", तर मला कुणाला तरी ते सांगावंसं वाटतं, आणि असं कुणी नसतं. कधी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच जिन्यात उभी राहते.

अक्कांकडे मी एकदाच गेले. त्यांनी नोकरी सोडल्यानंतर सात महिन्यांनी, एका रविवारी सकाळी. जयनगरच्या आतल्या गल्लीत, बैठं घर, पुढे हातभर अंगण. अक्का स्टुलावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "ये की. ऊन लागलं असेल. बस." केसांत कनकांबर होतंच. नेहमीपेक्षा केस मात्र जरा मोकळे, कानांवरून खाली सोडलेले.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. मी म्हटलं, "अक्का, ते वाक्य मी हातानं लिहिलं नव्हतं. मी खूण केली होती. डॉक्टर बोलायच्या आधीच मारली."

अक्का शेंगा मोडत राहिल्या. मग मान वर करून हात कानामागे धरला. "काय म्हणालीस?"

मी जवळ गेले. "मी खूण केली होती अक्का. तुम्ही नको म्हटलं होतं तरी. आणि सरांच्या खोलीत मी गप्प बसले."

"स्वल्प जोरात ग."

माझा धीर सुटला. मी जी ओरडले ती गल्लीला ऐकू जाईल अशी. "चूक माझी होती, अक्का! मी चोरून खूण केली! तुमची नोकरी माझ्यामुळं गेली! मी तुम्हाला निरोप द्यायलासुद्धा आले नाही!" बोलता बोलता रडू फुटलं आणि रडतानाही मी ओरडतच होते, कारण न ओरडता त्यांना ऐकू येणार नव्हतं. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. शेजारची बाई हातात उलथनं घेऊन कुंपणाशी आली.

अक्कांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि कानावरचे केस मागे सारले. कानात गव्हाळ रंगाचं इवलंसं यंत्र होतं.

"पहिल्यांदाच ऐकू आलं की," त्या म्हणाल्या.

मी डोळे पुसले. "मग मला ओरडायला का लावलंत?"

"पहिल्यांदा किती हळू बोललीस ग. तेवढ्यानं तू सुटली असतीस काय?" त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, घरातल्या चपलेत पाय सरकवले आणि कॉफी टाकायला आत गेल्या.

माझा घसा दुखत होता. कुंपणापलीकडची बाई अजून तिथेच उभी होती. तिनं उलथन्यानंच मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "एनम्मा, एन तप्पु माडिदे?" काय ग बाई, काय चूक केलीस?

मी तिलाही सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, पहिल्यापासून.